दाराशी येणारा वळू घोडा

गेल्या पावसाळ्यात न्यूझीलंडमधील गव्हाच्या शेतीविषयी काही वाचावे म्हणून मी त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'पेपर्स पास्ट' या संकेतस्थळावर ठेवलेली जुनी वृत्तपत्रे उघडली, आणि गहू बाजूला राहून घोड्यांच्या जाहिरातींतच अडकून पडलो. दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात १८७० आणि १८८० च्या दशकांत निघणाऱ्या पत्रांचे ऑगस्ट-सप्टेंबरमधील अंक पाहिले, तर एकेका स्तंभात चार-चार, पाच-पाच वळू घोडे ओळीने उभे असलेले दिसतात. प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर घोड्याचे एक लहानसे ठोकळाचित्र असते. छापखान्याकडे असे ठोकळे मोजकेच असल्यामुळे नांगर ओढणाऱ्या धिप्पाड घोड्याच्या नावावरही कधी कधी शर्यतीचा सडपातळ घोडा छापलेला आढळतो. वाचणाऱ्या शेतकऱ्याला त्याची अडचण वाटत नसावी, कारण त्याला हवे असलेले सगळे त्या चित्राखालच्या बारीक अक्षरांत होते.

त्या मजकुराची घडण जवळजवळ ठरलेली असते. आधी घोड्याचे नाव आणि जात, मग रंग, वय आणि उंची, त्यानंतर बाप कोण, आईचा बाप कोण, स्कॉटलंडहून आणलेला की इथेच जन्मलेला, कोणत्या प्रदर्शनात कितवे बक्षीस मिळाले आणि त्याची शिंगरे कशी निघाली, हे सगळे येते. मग वाराप्रमाणे फिरतीचा मार्ग दिलेला असतो: सोमवारी घरून निघणार, मंगळवारी अमुक खाणावळीच्या तबेल्यात मुक्काम, बुधवारी तमुक गावी, शनिवारी परत घरी. शेवटी पैशांच्या अटी असतात. जाहिरात वाचून शेतकऱ्याला घोड्याची कुळी कळे आणि तो आपल्या फाटकावरून कोणत्या दिवशी जाणार तेही कळे. आपल्या घोडीला घेऊन त्याला कुठे जावे लागत नसे, घोडाच दाराशी येत असे.

या फिरतीमागे त्या मुलखाची गरज होती. न्यूझीलंडमध्ये पहिले घोडे १८१४ च्या डिसेंबरात सॅम्युएल मार्सडेन या मिशनऱ्याच्या जहाजातून उत्तरेकडे उतरले. कँटरबरीची संघटित वसाहत १८५० मध्ये सुरू झाली. आरंभीच्या मेंढपाळीनंतर तिथल्या सपाट मैदानावर गव्हाचे पीक पसरले, तसे दोन फाळांचे नांगर आले, पाठोपाठ कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली आणि हे सगळे ओढायला तीन-तीन, चार-चार घोडे एकदम जुंपावे लागू लागले. स्कॉटलंडमधील क्लाइड्सडेल जातीचा घोडा या कामाला उत्तम ठरला: रुंद छाती, पायांवर लांब केसांची झालर आणि जड नांगर दिवसभर ओढूनही न ढळणारी चाल. परंतु आयात केलेल्या वळूची किंमत एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. ज्याच्याजवळ दोन-तीनच घोड्या आहेत त्याने त्यांच्यासाठी स्वतःचा वळू पाळणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून एकाने वळू घ्यायचा आणि त्याला साऱ्या जिल्ह्यात फिरवायचा, ही रीत रुजली.

मला सर्वांत मोलाच्या वाटल्या त्या पैशांच्या अटी, कारण जोखीम कोणाच्या वाट्याला किती आली हे त्यांतच दिसते. घोडी फळवण्याची फी काही पौंडांची असे. उंची जातिवंत घोड्यासाठी ती गिनीत, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या मापात, सांगितली जाई. मोतद्दाराचे, म्हणजे वळूला घेऊन फिरणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसाचे, काही शिलिंग पहिल्याच वेळी रोख द्यावे लागत. उरलेली रक्कम मात्र बहुधा हंगाम संपल्यावर, कित्येकदा १ जानेवारीपर्यंत द्यायची असे, म्हणजे पिकाचा पैसा हाती येण्याच्या सुमाराला. काही मालक शिंगराची हमी देत, म्हणजे घोडी गाभण राहिली नाही तर पैसे नाहीत. पण त्यालाच जोडून अशीही अट असे की मधल्या काळात घोडी विकली किंवा मेली, तर ती गाभण होती असेच धरले जाईल. मालकाच्या कुरणात ठेवलेल्या घोडीची काळजी घेतली जाईल, पण अपघाताची जबाबदारी नाही, हे वाक्य तर जवळपास प्रत्येक जाहिरातीत सापडते. या अटी कोरड्या वाटतात, पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पुढे होणारे तंटे आधीच ओळखून त्या लिहिलेल्या आहेत, आणि ते तंटे कधीतरी खरोखर झाल्याशिवाय अशी वाक्ये कोणी लिहीत नाही.

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. आमच्या गावात वळू नव्हता. गाय माजावर आली की आजोबा तिला पहाटेच दोन कोस लांबच्या वाडीत नेत, आणि परत आल्यावर स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलेल्या पंचांगात त्या तिथीखाली बोथट पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढत. मग एकवीस दिवस मोजून दुसरी लहान रेघ येई. त्या दिवशी गाय हंबरली नाही, अस्वस्थ झाली नाही, तर आजोबा काही बोलत नसत, पण दुपारचे जेवण समाधानाने होई. आणि गाय उलटली तर तोच दोन कोसांचा रस्ता पुन्हा तुडवावा लागे. घोडीचेही चक्र साधारण एकवीस दिवसांचेच असते. म्हणून कँटरबरीच्या वळूची फेरी ठरलेल्या दिवशी, पुन्हा पुन्हा त्याच फाटकावर यावी लागे. एकदा येऊन गेलेल्या घोड्याचा शेतकऱ्याला पुरता उपयोग नव्हता. व्यालेली घोडी नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते, तोही दिवस चुकवून चालत नसे. गाभणपण सुमारे अकरा महिन्यांचे असते. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे तिकडच्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी, घोडी फळली की पुढच्या वसंतात, गवत कोवळे असताना, शिंगरू जमिनीवर येई.

या सगळ्या व्यवहाराचा भार मोतद्दारावर असे. तो स्वतः तट्टावर किंवा हलक्या गाडीत बसून वळूला शेजारून चालवीत नेई, रोज दहा-पंधरा मैल मजल मारी, संध्याकाळी तबेल्यात त्याला खरारा करी, खूर तपासी आणि चारापाणी झाल्यावरच आपल्या जेवणाकडे वळे. शेतावर पोहोचल्यावर लगेच घोडा सोडायचा नसतो. मध्ये भक्कम आडवा दांडा किंवा फाटक ठेवून घोडीला आधी वळू दाखवायचा. ती कान मागे टाकून लाथा झाडू लागली तर तिची वेळ झालेली नाही, स्थिर उभी राहिली तरच पुढे जायचे. एक लाथ नेमकी बसली तर जिल्ह्याचा हंगाम बुडाला, एवढी ती गोष्ट नाजूक होती. दिवसाला किती घोड्या घ्यायच्या हेही त्यालाच आवरावे लागे, कारण थकलेला वळू शेवटी कोणाच्याच घोडीला फळवत नाही. मालकाचे नाव, घोडीचा रंग आणि तारीख तो वहीत टिपून ठेवी, आणि जानेवारीतली वसुली त्या वहीवरच होई.

कँटरबरीतला ॲशबर्टन परगणा रकाया आणि रंगिताता या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला आहे. या नद्या गोट्यांच्या रुंद पात्रांतून अनेक फाट्यांनी वाहतात आणि पूर आला की वाट अडवतात. रकायावर १८७३ मध्ये पूल झाला. एका फिरतीत कोणती गावे येणार हे अशा नद्यांवरही अवलंबून असे.

शेतकरी जाहिरातीवर विसंबून राहत नसत. हंगामाच्या तोंडाशी शहरांत वळूंची पाहणी भरे. तिथे घोडे माणसांसमोर चालवून, दुडक्या चालीने पळवून दाखवले जात. पाहणारे मान आणि आयाळ यांपेक्षा पायांकडे जास्त वेळ बघत, कारण खुराच्या वरच्या बाजूला हाड वाढण्याचा आणि धावताना घसा वाजण्याचा दोष संततीत उतरतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. कागदावरच्या वंशावळीपेक्षा मला ही नजर अधिक भरवशाची वाटते.

वळूचा हिशेब कधी कधी वेगळ्याच बाजूने फळाला येई. गाडीला जुंपायला मजबूत घोडे निपजावेत म्हणून १८७० च्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडला आणलेला मस्केट हा इंग्लिश घोडा शर्यतीच्या घोड्यांचा बाप म्हणून गाजला. १८८५ मध्ये जन्मलेल्या त्याच्या कार्बाइनने १८९० चा मेलबर्न कप जिंकला, तोही जवळपास ६६ किलो वजन पाठीवर घेऊन.

आपल्याकडचे चित्र निराळे होते. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडी काटक म्हणून नावाजलेली होती. कंपनी सरकारने आलेगावला पैदास केंद्र चालवले, १८७६ च्या दुष्काळात या जातीची फार हानी झाली, आणि त्याच सुमाराला सरकारने हिंदुस्थानात घोडेपैदाशीचे स्वतंत्र खातेही काढले. अरबी, थरोब्रेड आणि नॉरफोक ट्रॉटर जातींचे सरकारी वळू ठिकठिकाणी ठेवले गेले. अधिकाऱ्यांनी पसंत करून डाग दिलेल्या घोडीला या वळूंकडून फी न घेता फळवले जाई. फुकट मिळणारी ही सोय वरकरणी कँटरबरीपेक्षा उदार दिसते, पण पलटणीला स्वाराचा उंच घोडा हवा होता आणि वळूची निवड त्याच हिशेबाने होत होती. बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराला हवे असलेले बुटके, थोड्या चाऱ्यावर टिकणारे जनावर त्या हिशेबात नव्हते. माझ्या मते खरा फरक येथेच आहे. कँटरबरीचा शेतकरी पैसे मोजत होता, म्हणून न आवडलेल्या वळूकडे पाठ फिरवू शकत होता, आणि मालकाला पुढच्या वर्षी त्याच्या पसंतीचा घोडा आणावा लागत होता. भीमथडी शेवटी टिकली ती धनगरांच्या वाड्यांत, त्यांनी स्वतः निवडून राखलेल्या घोड्यांच्या बळावर, आणि देशी जात म्हणून तिची अधिकृत नोंद अगदी अलीकडे झाली.

न्यूझीलंडमधील घोड्यांची संख्या १९११ मध्ये चार लाखांवर गेली, आणि तो तिचा कळस ठरला. पुढे ट्रॅक्टर आले, तशा वसंतातल्या त्या जाहिराती विरळ होत गेल्या. मी वाचलेल्या शेवटच्या काही अंकांत तर एका स्तंभात एकच वळू उरलेला होता, अटी मात्र जुन्याच होत्या: मोतद्दाराचे पैसे रोख, बाकी १ जानेवारीला.