सिएनाचं कॅथेड्रल: फरशीच्या तारखा बघूनच तिकीट काढा

मे महिन्यात इटलीतल्या सिएनाला गेलो आणि फसलो. ज्या एजंटाकडून तिकीट घेतलं, त्याच्या जाहिरातीत कॅथेड्रलच्या संगमरवरी फरशीचाच भलामोठा फोटो होता. आत शिरलो तर बहुतेक फरशी झाकलेली! फरशीत घडवलेल्या 56 चित्रांपैकी मोजकीच दिसत होती. पायांनी झिजू नये म्हणून वर्षाचा बराच काळ ती अशीच ठेवतात. पूर्ण उघडते ती साधारण जूनअखेर ते जुलैअखेर आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तारखा दरवर्षी थोड्या बदलतात. एजंट हे सांगत नाही, तुम्हीच विचारा.

राग येतो, कारण हे काम दुसरीकडे बघायला मिळत नाही. चौदाव्या ते सोळाव्या शतकापर्यंत ते चाललं होतं. सुरुवातीला पांढऱ्या दगडात रेषा कोरून काळा लेप भरत. पुढे पच्चीकारी, म्हणजे रंगीत संगमरवराचे तुकडे जडवणं, आलं. सोळाव्या शतकातल्या बेक्काफूमी या चित्रकाराने तर दगडाच्या छटांनीच उजेड-सावली उभी केली. मला त्याच्या कामाचा एक कोपरा दिसला.

शिल्पकार निकोला पिसानोचं प्रवचनपीठ (1265-68) मात्र कधीही बघता येतं. खांबांच्या तळाशी सिंह, वर कोरलेल्या माणसांची अशी दाटी की नजर हलत नाही. कॅथेड्रलमधल्याच पिक्कोलोमिनी ग्रंथालयातली चित्रकार पिंतुरिक्कियोची भित्तिचित्रं काल रंगवल्यासारखी ताजी आहेत. दर्शनी भागावरच्या पुतळ्यांसाठी मान मोडून घेऊ नका, अस्सल बरेचसे शेजारच्या संग्रहालयात आहेत. चित्रकार दुच्चोची 'माएस्ता' (1308-11), म्हणजे सिंहासनावरच्या मेरीचं वेदीसाठीचं चित्र, तिथेच. संग्रहालय टाळणारा माणूस अर्धं कॅथेड्रल टाळतो.

स्टेशनवरून चालत येऊ नका. मी आलो, चढ जीव काढतो. स्टेशनसमोरून सरकते जिने आहेत. फ्लॉरेन्सहून यायचं तर बसच बरी, ती वरच्या गावाजवळ सोडते.

दमला असलात तरी फाच्चातोनेवर, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॅथेड्रलच्या उंच भिंतीवर, चढाच. 1339 मध्ये सिएनाकरांनी एवढं मोठं कॅथेड्रल योजलं, की आजचं हे त्याचा आडवा भाग ठरलं असतं. 1348 ची प्लेग आली आणि काम थांबलं. त्या उरलेल्या भिंतीवर गोल, अरुंद जिन्याने जायचं. थोडे थोडेच लोक सोडतात, त्यामुळे रांग असते. पाठीवर मोठी पिशवी नको. वरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा घंटामनोरा समोर येतो. त्याच्या खिडक्या बघा: तळाला एक कमान, मग दोन, तीन, अशा वर सहापर्यंत.