काँग्रेसमध्ये पुढे कोण, असे तुम्ही विचारलेत म्हणून

नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठाने सकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, कधी पुण्याच्या मेहुण्यांच्या फोनवर, गेली दहा-बारा वर्षे मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. आमचे शेजारी तो सगळ्यांत थेट विचारतात: "सर, राहुल गांधीनंतर काँग्रेसमदी कोण हाय जी?" मी महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि माझे वडील पक्षाचे जुने कार्यकर्ते होते, एवढ्या भांडवलावर माझ्याकडे एखादे नाव असणार असे लोक धरून चालतात. मी नाव सांगत नाही, तेव्हा मी हातचे राखून बोलतो असा त्यांचा समज होतो. नाव न सांगण्याचे खरे कारण मात्र वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

त्या पेटीत सभासद नोंदणीची काही पावतीपुस्तके आहेत. पावत्या फाडून दिल्या गेल्या, स्थळप्रती उरल्या. प्रत्येकीवर नाव, वय, धंदा आणि पत्ता आहे. गोळीबार चौकातल्या एका विणकराने सहीऐवजी अंगठा उठवला आहे आणि त्याची शाई पुढच्या तीन पानांवर उतरली आहे. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने वडिलांनी पेन्सिलीने इतवारीतल्या मंडल समितीच्या निवडणुकीचा हिशेब मांडला आहे: ३१, २७, ९. सत्तावीस मते वडिलांची होती. चार मतांनी पडलेल्या माणसाला निवडून आलेल्याने चिटणीस केले आणि पुढची सहा वर्षे दोघांनी एकाच सायकलवर वस्ती पालथी घातली, असे आई सांगत असे. मूळ चार आण्यांच्या वर्गणीचे दर नंतर बदलत गेले, पण घरात अशा सभासदाला शेवटपर्यंत 'चवन्नीवाला' म्हणत.

ही चवन्नी आमच्या गावची आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. डिसेंबर १९२० मध्ये सी. विजयराघवाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते आणि प्रतिनिधींची संख्या १४ हजारांच्या वर गेली होती. असहकाराचा ठराव आणि जीनांचे बाहेर पडणे यांमुळे ते अधिवेशन लक्षात राहिले. मला मात्र गांधीजींनी तिथे मंजूर करून घेतलेली नवी घटना अधिक मोलाची वाटते. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद, गावापासून वर चढत जाणाऱ्या समित्या, सरकारी प्रांतांऐवजी भाषेनुसार प्रांतिक समित्या, दर ५०,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी आणि सर्वांत वर पंधरा जणांची कार्यकारिणी, अशी ती रचना होती. वर कोण बसणार हे ठरवण्याचा अधिकार खालून येईल, अशी ती योजना होती. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी १,५८० मते मिळवून पट्टाभि सीतारामय्यांचा (१,३७७) पराभव केला, तो याच रचनेमुळे. आणि निवडून आलेल्या अध्यक्षाला काही महिन्यांतच राजीनामा द्यावा लागला, हेही त्याच इतिहासात आहे. त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची माझी इच्छा नाही.

योगायोग असा की, घराण्याचा प्रश्नही नागपूरच्याच मांडवाला लागून सुरू होतो. जानेवारी १९५९ मध्ये येथे पुन्हा अधिवेशन झाले, सहकारी शेतीचा ठराव गाजला, आणि लगेच पुढच्या महिन्यात उ. न. ढेबर यांच्या जागी ४१ वर्षांच्या इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष झाल्या. तरीही नेहरूंनंतर पक्ष आपोआप त्यांच्याकडे गेला नाही. १९६४ मध्ये तेव्हाचे पक्षाध्यक्ष कामराज यांनी एकेका नेत्याशी बोलून शास्त्रीजींच्या नावावर सहमती घडवली. १९६६ मध्ये तर संसदीय पक्षात मोरारजी देसाई आणि इंदिरा गांधी यांच्यात सरळ मतदान झाले आणि त्या ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडून आल्या. त्या मतदानामागे राज्याराज्यांतले मुख्यमंत्री होते, आणि मुख्यमंत्र्यांमागे आपापल्या जिल्ह्याची समिती होती. अर्थात त्यांनी निवडलेली व्यक्ती आपल्या मुठीत राहील, हा त्यांचा हिशेब साफ चुकला.

वडिलांचे शेवटचे पावतीपुस्तक १९७२ चे आहे आणि ते अर्धे कोरे आहे. त्या वर्षानंतर पक्षात वीस वर्षे संघटनात्मक निवडणुका झाल्याच नाहीत. जिल्हाध्यक्ष दिल्लीहून नेमले जाऊ लागले, मुख्यमंत्री दिल्लीने पाठवलेल्या निरीक्षकांच्या खिशातून निघू लागले, आणि ज्याला वर जायचे आहे त्याने वस्तीत फिरण्यापेक्षा दिल्लीच्या गाडीत बसणे अधिक फायद्याचे झाले. मते मिळत होती, हेही खरे: १९७७ मध्ये उत्तर भारतात पक्ष भुईसपाट झाला, तेव्हाही नागपूरने काँग्रेसच्या गेव आवारी यांना लोकसभेत पाठवले. त्यामुळेच कोऱ्या पानांची काळजी कोणाला वाटली नाही, आमच्या घरातही नाही.

निवडणुका परत आणल्या त्या आमच्या शेजारच्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांनी, १९९२ च्या तिरुपती अधिवेशनात. तिथे जे घडले ते मी वर्गात दरवर्षी सांगत असे. कार्यकारिणीवर निवडून आलेल्यांत अर्जुनसिंह आणि शरद पवार होते. एकही स्त्री, दलित किंवा आदिवासी मात्र नव्हता. हे कारण पुढे करून रावांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि या दोघांना नेमलेल्या सभासदांत बसवले. प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढला गेला, यात शंका नाही. पण दिलेले कारणही खोटे नव्हते, आणि नुसती मतपेटी ठेवली की सगळे सुरळीत होते असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला तिरुपतीचे उत्तर अजून देता आलेले नाही.

पुढचे बहुतेकांना आठवत असेल. १९९७ मध्ये पवार आणि राजेश पायलट यांना हरवून रीतसर निवडून आलेल्या सीताराम केसरींना कार्यकारिणीने पुढच्याच वर्षी दूर केले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. २००० मध्ये जितेंद्र प्रसाद त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांना ९४ मते पडली. २०१९ च्या पराभवानंतर राहुल गांधींनी पद सोडले आणि तीन वर्षे पक्षाला पूर्णवेळ अध्यक्ष मिळाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे (७,८९७) विरुद्ध शशी थरूर (१,०७२) अशी लढत झाली. त्या वेळी थरूर नागपूरला दीक्षाभूमीवर येऊन गेले होते. ही लढत खरी होती असेच मी मानतो. पण मतदारयादी दाखवा, अशी मागणी पक्षाच्याच काही खासदारांना लेखी करावी लागली होती. मतदार कोण आहेत हेच ज्या निवडणुकीत विचारावे लागते, तिची स्थळप्रत कुठे ठेवली आहे हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरला कार्यकारिणीची निवडणूक न घेता सगळी नावे अध्यक्षांनी नेमावीत असे ठरले. राखीव जागा तिथे वाढवल्या, म्हणजे तिरुपतीचा आक्षेप निकाली काढला, पण मतपेटीही त्याच्याबरोबर गेली.

म्हणून राहुल की प्रियंका, की घराण्याबाहेरचा कोणी, या चर्चेत मला रस उरलेला नाही. घराण्याबाहेरचे खर्गे अध्यक्ष असतानाही लोक मला राहुल गांधींनंतर कोण, असेच विचारतात, यातच पुरेसे आले. लोकसभेत २०१४ च्या ४४ जागांवरून २०१९ मध्ये ५२ आणि २०२४ मध्ये ९९ अशी चढण पक्षाने चढली. त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत तो १६ वर उतरला. एप्रिल २०२५ मध्ये अहमदाबादच्या अधिवेशनात जिल्हाध्यक्षांना बळ देण्याचे ठरले आणि काही राज्यांत निरीक्षक पाठवून नवे जिल्हाध्यक्ष निवडण्यात आले. निरीक्षक मते ऐकतात, टिपून घेतात, मग नावांचा निर्णय दिल्लीत होतो. पूर्वीपेक्षा हे बरे आहे, कारण निदान कोणीतरी वस्तीत येऊन बसतो. परंतु ऐकलेले मत आणि मोजलेले मत यांतला फरक पुठ्ठ्यावरच्या त्या ३१, २७, ९ मध्ये आहे. मोजले गेले म्हणून वडिलांना आपण किती मतांनी पडलो ते कळले, आणि जिंकणाऱ्याला त्यांच्यामागे सत्तावीस माणसे आहेत हे कळले.

मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचा पुतण्या घरी आला होता. वकिली शिकतो, वाचतो, मिरवणुकीपेक्षा कागदपत्रांत रमतो. त्याला पक्षात काम करायचे आहे. मी हौसेने पेटी उघडून त्याला पावतीपुस्तके दाखवली. अंगठ्याच्या पानाचा त्याने मोबाइलवर फोटो काढला, पुठ्ठ्यावरचे आकडे वाचले, आणि मग अदबीने विचारले, "सर, वॉर्ड अध्यक्ष व्हायचे असेल, तर कोणाला भेटावे लागेल?"