पृष्ठभागावरील लेझर शस्त्रक्रियेत खरी सुधारणा कुठे झाली

माझ्या भाचीच्या चष्म्याचा नंबर उणे चार आहे आणि तिचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असल्यामुळे डॉक्टरांनी चष्मा घालवण्यासाठी लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेऐवजी पीआरके ही पडद्याच्या पृष्ठभागावरची लेझर शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा आमच्या इंदूरच्या घरात सर्वांचे एकच म्हणणे पडले की ही पद्धत तर जुनी आहे. जुनी ती आहेच. अमेरिकेत तिला १९९५ साली मान्यता मिळाली. परंतु गेल्या तीस वर्षांत तिच्यात जी सुधारणा झाली, तिचा मोठा भाग जखम भरून येण्याशी निगडित आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

लॅसिकसारखी पीआरकेमध्ये कॉर्नियाची चकती कापून उचलली जात नाही. वरचा सुमारे ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेशीथर काढून एक्सायमर लेझरने खालचा भाग घडवला जातो. ६ मिलिमीटर व्यासाच्या भागासाठी दर डायॉप्टरला, म्हणजे नंबरच्या दर एककाला, लेझर साधारण १२ मायक्रॉन ऊती कोरतो, म्हणजे भाचीच्या डोळ्यात पन्नासाच्या आतच. हा लेझर भोवतालचा भाग न जाळता ऊती कोरू शकतो, हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून देणाऱ्यांत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडचण पुढे येते. जखम भरताना कॉर्नियातील काही पेशी व्रण तयार करू लागतात, त्यामुळे पारदर्शकता कमी होऊन धूसरपणा येतो. नंबर जितका मोठा, तितका हा धोका अधिक. मायटोमायसिन-सी या औषधाचे ०.०२ टक्के द्रावण लेझरनंतर थोडा वेळ लावून लगेच धुऊन टाकण्याची रीत रुळल्यापासून तो बराच आटोक्यात आला. पेशीथरही आता लेझरनेच काढता येतो. वेदना मात्र पहिले तीन-चार दिवस राहतातच. बँडेज लेन्स (जखमेवर पट्टीसारखी बसवलेली मऊ लेन्स) आणि थेंबांनी त्या सुसह्य होतात, आणि दृष्टी पूर्ण स्थिरावायला काही आठवडे ते महिने लागतात.

अतिनील किरणांनी हा धूसरपणा वाढू शकतो, म्हणून माळव्यातल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया करून घेणे मला पटत नाही. रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतला गुलाल आणि दुचाकीवरची धूळ यांपासूनही ताजा डोळा जपावा लागतो. नंबर वर्षभर स्थिर असेल आणि टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीत, तो शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचे चिन्ह नसेल, तर दिवाळीनंतरचे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात, कारण जपण्याचे पहिले महिने हिवाळ्यात जातात. स्टेरॉइडचे थेंब बरे वाटू लागताच बंद करू नयेत, डॉक्टर सांगतील तसेच कमी करावेत. या थेंबांनी काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, तेव्हा थेंब चालू असेपर्यंत तो तपासून घेण्यासाठी भाचीबरोबर मी स्वतः जाणार आहे.