उताऱ्यातला नारळ

आमच्या चौकात पहाटे झाडायला येणाऱ्या मावशींना मी एकदा धीर करून विचारलं, "अमावस्येला लोक पीडा उतरवून चौकात ठेवतात ते हे उतारे तुम्ही हातानं उचलता, भीती नाही वाटत?"

खराटा न थांबवता त्या म्हणाल्या, "कायची भीती बाई? लिंबं कचऱ्यात टाकतो. नारळ चांगला निंगाला तं घरी नेतो, चटणी करतो."

त्या चटणीनं माझ्या कादंबरीचं वाटोळं केलं. म्हणजे खरं तर भलं केलं, पण ते कळायला मला दोन महिने लागले.

मी दिवसा नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानात हिशेब बघते आणि रात्री भांडी आवरली की जादूची गोष्ट लिहिते. दुकानात हे कुणाला माहीत नाही. सांगितलं तर शेठजींचा पहिला प्रश्न असेल, त्यात सुटते किती?

पहिला खर्डा तीन वर्षांपूर्वीचा. त्यात पंचमहाभूतं होती, त्यांची पाच घराणी होती, प्रत्येक घराण्याचा वेगळा रंग होता आणि निळ्या डोळ्यांचा एक अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याला पाचही विद्या येणार हे पहिल्याच पानावर कळायचं. अकरावीतल्या भाच्याला वाचायला दिलं. तो दिवसरात्र गेम खेळतो, म्हणजे या विषयातला आमच्या घरातला तज्ज्ञ तोच. पोह्यांवर तर्री ओतता ओतता म्हणाला, "मावशी, हा पोरगा थकत काऊन नाही बे?" 'बे' तोंडून निघाल्यावर त्यानं जीभ चावली, पण मुद्दा सोडला नाही. "गेममध्ये जादू केली का मॅना, म्हणजे जादूची ताकद, कमी होते. तुझ्यावाल्यात तं सगळं फुकटच चालू आहे."

फुकट हा शब्द हिशेब लिहिणाऱ्या माणसाला शिवीसारखा लागतो. बावीस वर्षं मी एकच काम करत आलेय : एका खात्याला नावे पडलं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला जमा पडलंच पाहिजे. आणि माझ्याच गोष्टीत एक पोरगं हात हलवतं, आग लागते, आणि कुणाच्याच खात्यातून काही जात नाही! पाचही घराणी त्याच रात्री बाद केली. स्केचपेननं रंगवलेला नकाशा तेवढा ठेवलाय, निळा छान जमला होता.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा वैताग आला असेल त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या तर हटकून असतो. "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गर्दी त्यांना गावाबाहेर नेते आणि जाळते. मी लहानपणापासून हे बघतेय, कधी विचार केला नव्हता. त्या वर्षी भाचा बरोबर होता. वारा आमच्याकडे फिरला तसा तो खोकत म्हणाला, "पीडा जळून गेली कुठं? धूर तं आपल्याच नाकात आला."

मी रुमालानं डोळे पुसत होते आणि डोक्यात खतावणी उघडली होती. माझ्या जगाचा पहिला नियम तिथं ठरला. पीडा मरत नाही, तिचं फक्त खातं बदलतं.

बाकीचे नियम शोधायला कुठं जावं लागलं नाही. आजी दृष्ट काढायची तेव्हाचं सगळं आठवत गेलं. मुठीत मीठ, मोहरी, देठासकट लाल मिरच्या. सात वेळा उतरवायचं, तोंडानं पुटपुटत. मग चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला नाही तर आजीचा चेहरा गंभीर. "पाहा, एवढ्या मिरच्या जाळल्या तरी वास नाही, केवढी लागली होती लेकराले." उताऱ्याचे नियम त्याहून कडक. चौकात नेऊन ठेवायचा, जाता-येता कुणाशी बोलायचं नाही, परतताना मागं वळून पाहायचं नाही. आणि आम्हा पोरांसाठी एकच ताकीद : ओलांडायचा नाही, ज्यानं ओलांडला त्याला लागतो. म्हणजे देणारा, घेणारा, जागा, वेळ, चूक झाली तर दंड, सगळं आजीकडे तयार होतं. माझी पाच घराणी चाळीस पानं बोलून एवढं सांगू शकली नव्हती.

मी फक्त कारणं घातली. मागं का वळायचं नाही? कारण पीडेला तोवर तुझा चेहरा माहीत नसतो. का बोलायचं नाही? कारण ती आवाजाच्या मागं येते. माझ्या गोष्टीतल्या बारापाडी शहरात पीडा पायलीनं मोजतात, उतारकरी ती उचलतात, आणि वेशीवरच्या वहीत नोंद होते : कुणाची, किती, कुठं ठेवली. नोंद करायची राहून गेली तर पीडा उचलणाऱ्याच्याच अंगावर परत येते. नाव बारापाडी, कारण गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं, ते डोक्यात होतं.

वेशीचा विचार करताना आणखी एक गंमत सापडली. आपल्या महाल भागातला जुन्या वेशीचा दरवाजा, गांधी गेट, अजून उभा आहे, पण शहर त्याच्या पलीकडे कुठल्या कुठं गेलंय. मग पिढ्यानपिढ्या वेशीबाहेर ठेवलेल्या पीडेचं काय झालं? तिच्यावर लेआउट पडले. प्लॉट स्वस्तात गेले, आणि स्वस्त का, हे घेणाऱ्यांनी विचारलं नाही. हा भाग मी एका बैठकीत लिहिला. हप्ते फेडणाऱ्या माणसाला तो सुचायला वेळ लागत नाही.

अडले ते माणसांपाशी. नियम पक्के झाले, पण निळ्या डोळ्यांचा मुलगा त्यांत बसेना, तो गेला. त्याच्या जागी वहीवर बसणारी नर्मदा आली. चष्मा, शाईचे डाग, दुसऱ्याच्या बेरजेतली चूक काढल्याशिवाय झोप न येणारी. (घरचे म्हणतात ती मीच आहे. मला चष्मा नाही.) आणि नेमकं तेव्हाच चौकातल्या मावशींनी चटणीचं सांगितलं.

माझ्या नियमाप्रमाणे त्यांना आतापर्यंत शंभर लोकांची पीडा लागायला हवी होती. त्या तर ठणठणीत. भाचा खूश : "म्हणजे तिच्यात सगळ्यात जास्त पॉवर!" मीही आधी तेच लिहिलं. चंद्री नावाची झाडूवाली, जिला काहीच बाधत नाही, जन्मतःच. दोन महिने ती कागदावर मेल्यासारखी पडून होती. निळ्या डोळ्यांच्या पोरालाच मी लुगडं नेसवलं होतं, दुसरं काय!

उत्तर दुकानात मिळालं. एका संध्याकाळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे-जमेची बेरीज, जुळेना, ५४० चा फरक. ९ नं भाग जातो म्हणजे कुठंतरी आकडे उलटे पडले असणार, हा जुना ठोकताळा. म्हणून पान पान बघत बसले. सापडलं, ८२० चे २८० झाले होते. पण बघता बघता दुसरंच लक्षात आलं. दुकानात रोज पोती उतरवणारा एक हमाल आहे, त्याला रोज पैसे देतो, आणि एवढ्या वह्यांत त्याच्या नावाचं पान नाही. 'हमाली खर्च', बस्स. सगळ्यांची मिळून एक ओळ.

चंद्रीला पीडा लागत नाही, कारण बारापाडीच्या वहीत तिचं खातंच नाही. नावे टाकायची कुणाच्या?

आणि मग नर्मदा, माझी नीटनेटकी, भल्या मनाची नर्मदा, एके दिवशी चंद्रीची कणव येऊन तिच्या नावाचं पान उघडते. सुंदर अक्षरात 'चंद्री' लिहिते, खाली रेघ मारते. शाई वाळते न वाळते तोच तीस वर्षांची सगळी पीडा एकदम त्या खात्यावर पोस्ट होते.

ते प्रकरण लिहून झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, कूलरमधलं पाणी संपलं होतं, आणि मी उठून भरलंही नाही.

आता एकच अडलंय. चंद्रीनं इतकी वर्षं उताऱ्यातले नारळ घरी नेले, चटणी करून पोरांना घातली. पोरं धडधाकट वाढली. म्हणजे पीडेच्या ताटातून काहीतरी चांगलंही तिच्या घरी गेलं, आणि ते कुणी दिलं, कुठल्या खात्यातून गेलं, कशाच्या बदल्यात, याचा मेळ मला लागत नाही. भाचा म्हणतो, बोनस आहे, सोडून दे. बोनसचंही व्हाउचर लागतं रे बाबा.

जिची दुसरी बाजू सापडत नाही ती रक्कम आम्ही सस्पेन्समध्ये टाकतो. आमचे जुने मुनीमजी त्याला उचंत म्हणायचे. नारळ सध्या तिथं टाकलाय. ३१ मार्चपर्यंत चालेल.