पानगळीतली चार दिवसांची फेरी: अवघड खिंड आधी घ्या

डोंगरातली वर्तुळाकार फेरी आखताना सर्वांत उंच खिंड तिसऱ्या दिवशी ठेवायची पद्धत आहे. तोवर पायांना सवय होते, दोन दिवसांचा शिधा संपून सॅक हलकी होते आणि शेवटच्या दिवशी नुसतं उतरायचं राहतं. उन्हाळ्यात हे गणित जुळतं. पानगळीत मात्र ते उलटं करावं, असं माझं ठाम मत आहे. खिंड दुसऱ्या दिवशी सकाळी, फेरीच्या पहिल्या अर्ध्यातच ओलांडून टाकावी.

त्याच वाटेने जाऊन परत यायचं असेल तर परतीची वाट आपण पाहिलेली असते. फेरीत पुढची वाट शेवटपर्यंत अनोळखीच. ४८ किलोमीटरची, तीन मुक्कामांची फेरी धरू. खिंड १८ व्या किलोमीटरला आहे आणि वर ताजं बर्फ किंवा काचेसारखा गोठलेला कातळ लागला, तर मागे दीड दिवसाची चाल आणि पाठीवर अडीच दिवसांचं खाणं. निवांत मागे फिरता येतं. तीच खिंड ३२ व्या किलोमीटरला असेल तर मागे जायला अडीच दिवसांहून जास्त आणि सॅकमध्ये जेमतेम दीड दिवसाचा शिधा. अशा ठिकाणी मागे फिरायचा निर्णय माणसाच्या हातून होत नाही. ‘एवढं पार केलं की उतारच आहे’ असं म्हणत तो पुढे सरकतो.

हवामानाचा अंदाजही हेच सांगतो. डोंगरातला अंदाज पहिल्या दोन दिवसांपुरता बऱ्यापैकी भरवशाचा, चौथ्या दिवसाचा म्हणजे नुसता कल. निघायच्या सकाळी पाहिलेला अंदाज खिंडीच्या दिवसाला लागू पडला पाहिजे.

याची किंमत म्हणजे भरलेली सॅक घेऊन मोठा चढ चढायचा. ती मोजायला हरकत नाही. पहिला दिवस छोटा ठेवा, मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी, झाडोऱ्यात करा, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी चढा. उंची ३,००० मीटरच्या वर जात असेल तर आणखी एक बंधन येतं: आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर झोपू नये. खिंड कितीही उंच असो, पलीकडे उतरून खाली झोपलात तर हा नियम मोडत नाही.

फेरी कुठल्या दिशेने करायची हे नकाशावरच ठरतं. एरवी उभी बाजू चढायला आणि सौम्य बाजू उतरायला घेतात, कारण जड ओझ्याने उभा उतार गुडघ्यांना आणि तोलाला वाईट. पानगळीत त्याआधी सावली पाहा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जवळजवळ पोचत नाही आणि तिथलं दव, चिखल, ओढ्याचे शिंतोडे दुपारपर्यंत गोठलेले राहतात. ही सावलीची बाजू चढायला घ्या. बर्फ चढताना लागलं तर पाय तिथेच थांबतो, हात टेकता येतात, वळून परतता येतं. उन्हाच्या बाजूने चढलात तर पलीकडचं बर्फ दिसतं ते थेट माथ्यावर, दुपारी, दमलेले असताना आणि उतरायच्या तोंडावर. दोन्ही नियम एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर सावलीचा पाळा. बुटांवर चढवायचे साखळी-काटे सोबत घ्या. त्यांचं अर्ध्या किलोच्या आतलं वजन या मोसमात वाया जात नाही.

आता वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला हिशेब अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. खिंडीचा दिवस १३ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाईचा असेल तर २ तास ३६ मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे ४ तास ६ मिनिटं. पण हा आकडा हलक्या पाठीने, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. चार दिवसांच्या ओझ्यासह, खाणं-पाणी आणि नकाशा पाहणं धरून त्याला दीडने गुणा: सव्वासहा तास. उतार १२ अंशांपेक्षा उभा असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. म्हणजे साडेसहा ते पावणेसात.

हे उन्हाळ्यात किरकोळ वाटेल. पण ४० अंश उत्तर अक्षांशावर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, आणि त्या सुमाराला रोज अडीच मिनिटं कमी होत जातो. सकाळी तंबूवर बर्फाचा पापुद्रा असतो, बोटं चालत नाहीत, आवरायला दीड तास सहज जातो. सातला उजाडलं तरी पाय साडेआठला निघतात. सव्वातीनला पोचाल. पंचांगातला सूर्यास्त पावणेसहाचा असला तरी दरीत ऊन त्याच्या तास-दोन तास आधीच धारेमागे जातं, आणि ऊन गेलं की गारठा लगेच उतरतो. मुक्कामाला सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं, हा नियम धरला तर या दिवसात अर्धाच तास मोकळा उरतो. म्हणून या मोसमात १३ किलोमीटर आणि ९०० मीटर ही दिवसाची कमाल मर्यादा समजावी. रोज २० किलोमीटर टाकून तीन दिवसांत फेरी उरकायचे बेत कागदावरच बरे दिसतात.

त्यातही नकाशावर मोजलेलं अंतर प्रत्यक्षापेक्षा कमीच भरतं, कारण चढावरची लहान नागमोडी वळणं रेषेत मावत नाहीत. शिवाय गळलेल्या पानांखाली पायवाट बुजते. सपाट रानात, जिथे वाटेला काठ नसतो, तिथे ती पूर्ण हरवते. ओल्या पानांखालचा दगड, मूळ, खड्डा काहीच दिसत नाही, त्यामुळे पाय मुरगळतो तो बहुधा चढावर नाही, शेवटच्या सोप्या रानवाटेवर. दोन काठ्या वापरा, पाऊल टाकण्याआधी टोक टेकवून पाहा. १:२५,००० चा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवाच. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते. तो विमान मोडवर, आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. रात्र तेरा तासांची आहे, म्हणून हेडटॉर्चला जादा सेल हवेत. लिथियमचे सेल थंडीत अल्कलाइनपेक्षा खूपच चांगले टिकतात.

प्रत्येक दिवसासाठी निसटायची एक वाट नकाशावर पेन्सिलीने काढून ठेवा: कुठून वळायचं, गाडीरस्ता किती तासांवर. आणि तो रस्ता त्या आठवड्यात चालू आहे का हे उद्यानाच्या कार्यालयाला विचारा. मोसम संपला की उंचावरचे रस्ते बंद होतात, बस थांबतात, निवारे कुलूपबंद होतात, मुक्कामाच्या जागचे नळ गोठू नयेत म्हणून बंद केले जातात, काही ठिकाणी ओढ्यांवरचे लाकडी साकवसुद्धा हिवाळ्यासाठी काढून ठेवतात. संकेतस्थळावरची माहिती अनेकदा उन्हाळ्यातली असते. मुक्कामाचा परवाना काढतानाच हे सगळं एका फोनवर विचारून घ्या, आणि ‘वाट चालू आहे का’ एवढंच न विचारता ‘वर शेवटचं कोण जाऊन आलं, कधी’ असं विचारा.

पाण्याबद्दल गैरसमज असतो की थंडी म्हणजे पाणी मुबलक. उन्हाळा कोरडा गेला असेल तर लहान झरे वर्षातले सर्वांत रोड आत्ताच असतात. नकाशावर तुटक निळ्या रेषेने दाखवलेला ओढा कोरडा धरूनच बेत करा. मुक्काम पाण्यापासून लांब असेल तर माणशी तीन लिटर वाहून न्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर निकामी होतो. आतले तंतू चिरतात, बाहेरून काहीच कळत नाही, पाणी पूर्वीसारखंच येत राहतं. रात्री तो पिशवीत बंद करून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शंका आली तर पाणी उकळा: खळखळ उकळी एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बाटल्या रात्री उलट्या ठेवल्या की बर्फ बुडाकडे धरतं आणि सकाळी झाकण उघडतं.

गॅसचंही असंच. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. मिश्रणाच्या डब्यातून प्रोपेन आधी निघून जातो, त्यामुळे अर्धा वापरलेला डबा थंडीत घरच्यापेक्षा फारच मरगळलेला चालतो. जुने अर्धे डबे या फेरीला नेऊ नका. एक लिटर पाणी उकळायला एरवी १२ ते १५ ग्रॅम, वारा-थंडीत २० ग्रॅम धरा. दोघांना रोज साडेतीन लिटर, चार दिवस, म्हणजे २८० ग्रॅम. २३० चा एक आणि १०० चा एक डबा पुरतो. सकाळी डबा उथळ ताटलीत ओढ्याचं पाणी घालून त्यात उभा करा. ३ अंशांचं पाणीही उणे ५ अंशांच्या हवेपेक्षा उबदार असतं. शेगडी थेट डब्यावर बसणारी असेल तर तिच्याभोवती वाराआड पूर्ण गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि कितीही गारठा असो, बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाणं माणशी रोज ७०० ग्रॅम, साधारण ३,००० ते ३,२०० कॅलरी. एक दिवसाचं जादा, तेही न शिजवता खाता येईल असं.

झोपेचा हिशेब मात्र नीट करा. उंचीच्या दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. ९०० मीटरवरच्या गावाचं किमान ५ अंश सांगितलं असेल तर २,१०० मीटरवर उणे ३ धरा. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा ओघळून दरीच्या तळाशी साचते, म्हणून ओढ्याकाठचं गवताळ मैदान कितीही सुंदर दिसलं तरी तिथे तंबू लावू नका. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, तळापासून थोडं वर, झाडाखालची सपाट सोंड, म्हणजे डोंगराचा पुढे आलेला भाग, शोधा. तिथे दवही कमी पडतं. फक्त आधी मान वर करून वाळक्या फांद्या पाहा. पानं असलेल्या झाडावर ओलं बर्फ पडलं तर चांगल्या फांद्याही मोडतात.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे दोन आकडे असतात: आरामाचा, म्हणजे जिथवर सुखाने झोप लागते, आणि मर्यादेचा, म्हणजे जिथवर जेमतेम निभावतं. जाहिरातीत ठळक असतो तो बहुधा मर्यादेचा. निवड आरामाच्या आकड्यावर करा आणि तो अपेक्षित किमानापेक्षा ४–५ अंश खाली असू द्या. अंगाखाली दबलेला बॅगमधला पिसांचा थर ऊब देत नाही, ती मॅट देते. तिचं आर-मूल्य, म्हणजे ऊब रोखून धरायची क्षमता, ४ किंवा जास्त हवं. दोन मॅटची मूल्यं सरळ बेरजेने वाढतात, म्हणून फुगवायच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट घालणं हा स्वस्त उपाय. फुगवायची मॅट फुटली तरी रात्र निभावते. अनेक दिवसांच्या फेरीत आणखी एक गोष्ट घडते: श्वासाचा आणि अंगाचा दमटपणा रोज पिसांत मुरतो आणि तिसऱ्या रात्री तीच बॅग पहिल्या रात्रीपेक्षा गार लागते. दुपारच्या उन्हात थांबाल तेव्हा बॅग आणि तंबू अर्धा तास पसरा. हा अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर तो कधीच मिळत नाही.

सर्वांत वाईट हवामान बर्फाचं नसतं. उणे ५ अंशांत कोरडं बर्फ झटकून टाकता येतं. ३ अंशांवरचा पाऊस वाऱ्यासह कपड्यांत शिरतो आणि अंगाची ऊब ओढून नेतो. सुती काहीही नको. झोपायचा कोरडा जोड जलरोधक पिशवीत ठेवा आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओले कपडेच घालून निघा, कोरडा जोड रात्रीसाठी राखा. हातमोजे दोन जोड. ओले बूट रात्री गोठून लाकडासारखे होतात, म्हणून नाड्या पार सैल करून, आतले तळवे काढून, पिशवीत गुंडाळून तंबूच्या आत ठेवा.

जिथे अस्वलं आहेत तिथे ती या दिवसांत हिवाळ्यासाठी दिवसभर खात असतात. खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं बंद डब्यात, तंबूपासून दूर. हरणवर्गातले नर माजावर असतात, फोटोसाठी जवळ जाऊ नका. उद्यानाच्या सीमेपलीकडे शिकारीचा मोसम चालू असेल तर सॅकवर भडक नारिंगी कापड बांधा.

निघताना घरी एक कागद ठेवा: फेरीची दिशा, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, निसटायच्या वाटा, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, गाडी कुठे लावली, बचावाचा नंबर, आणि दोन वेळा. एक परतायची, दुसरी शोध सुरू करायला सांगायची. दुपारी तीनला परतायचं असेल तर दुसरी वेळ रात्री नऊची. रोज रात्री फोन करायचं कबूल करू नका. दरीत नेटवर्क नसलं की पहिल्याच रात्री घरचे घाबरतात, किंवा तुम्ही फोनसाठी अंधारात धारेवर चढता.