नागपुरात स्पर्धेला जाताय? आधी जेवणाचं बघा

डिसेंबरात आमच्या सांगलीच्या मुलींचा बॅडमिंटन संघ घेऊन मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात पाच दिवस होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसने एवढ्या लांब जायचं, तर खाण्याचं नीट ठरवूनच जा. आम्ही ठरवलं नव्हतं.

सकाळचा प्रश्न तर्री पोह्यांनी सुटतो. कस्तुरचंद पार्क, सदर या भागांत भल्या सकाळी गाड्यांभोवती गर्दी असते. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा, लिंबू. गाडीवाल्या काकांनी विचारलं, "सांबार टाकू का जी?" आमच्या मुली म्हणाल्या, नको, इडली नाहीये. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर! सामना असेल त्या दिवशी तर्री वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे किती घ्यायची ते आपल्या हातात राहतं.

आता सावजी. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरातलं हे जेवण. काळपट, दाट रस्सा, वर तेलाचा तवंग. आम्ही तांबडा रस्सा पिणारी माणसं, आम्हाला काय होणार, असं वाटलं होतं. पण हे तिखट वेगळं, पहिल्या घासाला गप्प असतं आणि नंतर चढतं. उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री मी मुलींना सावजी मटण खाऊ घातलं. आमची एकेरीची मुलगी रात्रभर पोट धरून बसली आणि सकाळी दुसऱ्याच गेमला तिचे पाय जड झाले. चूक पूर्ण माझी, आणि अजून मनाला लागून आहे. रस्सा आधीच तयार असतो, त्यामुळे "तिखट कमी करा" म्हणून उपयोग नाही. शेवटचा सामना झाला की मगच महाल नाहीतर गोळीबार चौकाकडे जा, आणि मग पोटभर खा. शाकाहारी असाल तर पाटवडी रस्सा मागा; मला तर तो मटणापेक्षा आवडला.

सोबत मटक्यावरची लांब रोटी मिळाली तर सोडू नका. जवळजवळ ओघळणारी सैल कणीक ती बाई दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणते आणि चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर अलगद पसरते. मुली जेवण विसरून बघत होत्या.

मधल्या दिवसांत आम्ही साधा वरणभात, पोळी आणि दही यांवर राहिलो. सदरला अशी जेवणं मिळतात. मानकापूरला मेट्रो येत नाही, तेव्हा रिक्षाचा वेळ धरा. क्रिकेटसाठी जामठ्याला जाणाऱ्यांनी सीताबर्डीतच जेवून निघावं. मेट्रो खापरीपर्यंतच आहे, पुढे गाडी करावी लागते.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. लॉज भरलेले, रस्ते अडवलेले. तारखा जुळत असतील तर खोल्या महिनाभर आधी ठरवा.

परतताना हल्दीरामची संत्रा बर्फी सगळेच घेतात, आम्हीही घेतली. पण अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तयार होणारी, संत्री त्या दिवसांत बाजारात असतात. डब्यात एका मुलीने पहिलं सोललं आणि अख्खा डबा त्या वासाने भरला. दोन किलो घेतली होती, वर्ध्यापर्यंतच संपली. पाच किलो घ्या.