मदरबोर्ड बदलताय? आधी विंडोजच्या लायसन्सचं बघा

रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तर विंडोज सहसा कुरकुर करत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट अक्षरं उमटतात. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरच्या ओळखीला बांधलेलं असतं. ती नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि त्या ओळखीत मदरबोर्डचं वजन सगळ्यात जास्त. बोर्ड नवा, म्हणजे त्यांच्या लेखी मशीनच नवं. म्हणून जुना बोर्ड चालू आहे तोवरच निम्मं काम उरकून घ्या.

पहिलं काम, लायसन्स कोणतं आहे ते पाहणं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश, मग लगेच डीएलआय असं टाइप करून एंटर दाबा. काही सेकंदांत एक छोटी खिडकी येते. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत शेवटी रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. खाली ‘पार्शल प्रॉडक्ट की’ म्हणून लायसन्सच्या कोडची, म्हणजे ‘की’ची, शेवटची पाच अक्षरं असतात. ती ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७ असतील, तर ही तुमची स्वतःची की समजून जपून ठेवू नका. पहिली प्रो आवृत्तीची, दुसरी होमची सर्वसाधारण की आहे. डिजिटल लायसन्सवाल्या असंख्य मशीनवर हीच दिसते आणि तिने नवीन बोर्ड ॲक्टिव्हेट होत नाही. मशीन विंडोज ७ किंवा ८ वरून अपग्रेड केलेलं असेल, तर खिडकीत ‘रिटेल’ लिहिलेलं असलं तरी ते मूळ विंडोज कोणत्या लायसन्सचं होतं, ते आठवून पाहा.

रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुनं मशीन पुढे कुणी वापरणार असेल, तर त्यावर एसएलएमजीआर स्लॅश यूपीके ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून की काढून टाका. लॅपटॉपसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनचंच असतं आणि त्याची की बोर्डच्या बायोसमध्येच (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) लिहिलेली असते. बोर्ड बिघडला म्हणून कंपनीने तसाच किंवा समकक्ष बोर्ड बसवून दिला, तर नवीन लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. हौसेने वरच्या दर्जाचा बोर्ड टाकलात तर ही सवलत नाही. व्हॉल्यूम दिसलं तर ते ऑफिसचं लायसन्स, तेव्हा ऑफिसच्या आयटीवाल्यांनाच विचारा. घरच्या मशीनवर स्वस्तात घेतलेली की या प्रकारची निघाली, तर ती पुन्हा चालेल असं धरून चालू नका.

दुसरं काम खात्याचं. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन (विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन) या पानावर ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ एवढे सगळे शब्द दिसले पाहिजेत. ‘लिंक्ड’पासूनचे शब्द नसतील, तर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून ते जोडून घ्या. २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याच वेळी कॉम्प्युटरला ओळखू येईल असं नाव द्या. ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं असं नाव ठेवलंत, तर नंतर यादीत आपलं मशीन शोधताना घोळ होतो.

तिसरं काम सगळ्यात जास्त राहून जातं, आणि त्याचा फटका लायसन्सपेक्षा कितीतरी मोठा आहे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय चालू असेल, तर त्याची चावी जुन्या बोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते. नवीन बोर्डवर मशीन सुरू करताच ४८ अंकी रिकव्हरी की मागणारी निळी स्क्रीन येते. की नसेल तर डेटा गेला. आधीच ती की कागदावर उतरवून घ्या आणि बोर्ड काढण्यापूर्वी एन्क्रिप्शन सस्पेंड करा किंवा बंद करा. विंडोजचा पिनही चालणार नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ हवा.

नवीन बोर्ड बसल्यावर आधी तारीख आणि वेळ तपासा. चुकीच्या तारखेने सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि दोष लायसन्सचा वाटतो. मग इंटरनेट जोडा, त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा (विंडोजमधलं तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर हवं), ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ दाबा आणि ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ निवडा. मशीनची यादी येईल. तिच्यात जुनं नाव निवडा, ‘धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूझिंग राइट नाऊ’वर टिक करा, मग ‘ॲक्टिव्हेट’. असं किती वेळा करता येईल यालाही मर्यादा आहे.

ॲक्टिव्हेशनच्या पानावर दिसणारा ०एक्ससी००४एफ२११ हा एरर कोड फक्त हार्डवेअर बदलल्याचं सांगतो, घाबरू नका. ०एक्ससी००४सी००८ म्हणजे की आधीच दुसरीकडे वापरात आहे. यादीत मशीन दिसूनही ॲक्टिव्हेट होत नसेल, तर आवृत्ती जुळवून पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ येतं. नवीन बोर्डच्या बायोसमध्ये की नसेल, तर विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलर आवृत्ती विचारतो, माणूस साधं ‘होम’ निवडतो आणि लायसन्स जुळत नाही. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून काम भागवण्याचा रस्ता सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला.

लॅपटॉपचा बोर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला असेल, तर बायोसमध्ये की लिहून देणं त्यांचं काम आहे. काउंटरवरच मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, ॲक्टिव्हेशनचं पान उघडा आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसल्यावरच सही करा.